पिल्लांचा पहिला आठवडा: ऊब, खाणं आणि वजनाची वही

नवीन पिल्लं हातात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यांना खायला काय घालू?" मी उलट विचारते, "पाय गार लागतात का?" पाय गार असलेल्या पिल्लापुढे कितीही भारी स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) ठेवा, अंगाला फार थोडं लागतं. बाकीचं अंग गरम ठेवण्यातच जळून जातं.

पोटापाण्यासाठी मी दुसऱ्यांचे हिशेब लिहिते आणि हौस म्हणून इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, चालवते. कोंबडी, बदक, अधूनमधून लाव्ही. त्यामुळे पिल्लांकडेही मी जमा-खर्चाच्या नजरेनेच बघते. जमेच्या बाबी दोनच: पोटातला बलक आणि चोचीतून आत जाणारं खाद्य. खर्चाच्या बाबी चार: नुसतं जिवंत राहणं, अंग गरम ठेवणं, हालचाल आणि वाढ. वाढ सगळ्यात शेवटी. आधीच्या तिघांचं भागून काही उरलं, तरच तिच्या वाट्याला येतं. पहिल्या आठवड्यात आपण खरोखर कमी करू शकतो तो खर्च एकच, अंग गरम ठेवण्याचा. तो कसा कमी करायचा आणि कमी झाला हे कसं ओळखायचं, ते सांगते. आकडे कोंबडीच्या पिल्लाचे आहेत. बदक, लाव्ही आणि कबुतराचं शेवटी.

पोटातली शिल्लक

कोंबडीचं अंडं २१ दिवस उबतं. एवढे दिवस आतला जीव मुख्यतः बलकातली चरबी जाळून जगतो. शेवटच्या टप्प्यात पिल्लू चोच अंड्यातल्या हवेच्या कप्प्यात घुसवतं, फुप्फुसांनी पहिला श्वास घेतं आणि मग कवच फोडायला लागतं. कवचाच्या आत ऑक्सिजन तुटपुंजा, आणि चरबी जाळायला तर तो भरपूर लागतो. म्हणून त्या झटापटीत यकृतातला आणि स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, खर्ची पडतो. बाहेर आलेलं पिल्लू ओलं आणि मान टाकून पडलेलं दिसतं ते याच थकव्याने. त्याला हलवू नका, उचलू नका, काही पाजू नका. पडू द्या.

६० ग्रॅमच्या अंड्यातून साधारण ४० ग्रॅमचं पिल्लू निघतं. काही वजन उबवणीत पाण्याच्या वाफेने गेलेलं असतं, काही कवचात आणि पापुद्र्यांत मागे राहतं. या ४० ग्रॅममधले ५-६ ग्रॅम मात्र अजून पिल्लाचे म्हणता येत नाहीत. तो उरलेला बलक असतो. बाहेर पडण्याच्या जरा आधी पिल्लू तो बेंबीतून पोटात ओढून घेतं. पोटाला बोट लावलं तर गोलसर मऊ भरीवपणा लागतो, तो हाच.

आता ढोबळ गणित मांडू. उबेत, कोरडं, शांत बसलेलं पिल्लू नुसतं जगायला दिवसाला ५ किलोकॅलरीच्या आसपास खर्च करतं. पोटातल्या बलकात दीड ग्रॅम चरबी धरा. ग्रॅमला ९ किलोकॅलरी म्हणजे साडेतेरा. अडीच-पावणेतीन दिवसांची सोय झाली. एक दिवसाची पिल्लं काही न खाता-पिता लांबच्या प्रवासाला पाठवता येतात आणि त्याला ७२ तासांची हद्द सांगतात, त्यामागे हेच गणित आहे.

पण इथेच लोक फसतात. "तीन दिवस काही नाही दिलं तरी चालतं" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. चालतं म्हणजे जगतं. उपाशी पिल्लाचं वजन तासाला ०.१ ते ०.२ ग्रॅमने उतरत राहतं, वाढीच्या रकान्यात शून्य. शिवाय बलक हा काही निव्वळ इंधनाचा साठा नाही. त्यात आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात, शरीर बांधायची प्रथिनं असतात. ती सुद्धा नुसती जाळून टाकायची म्हणजे मुद्दल मोडून घरखर्च चालवणं झालं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी: ज्या पिल्लाला लवकर खायला मिळतं, त्याच्या पोटातला बलक उपाशी पिल्लापेक्षा लवकर संपतो. ऐकायला उलटं वाटतं. बलकाची पिशवी एका छोट्या देठाने आतड्याला जोडलेली असते. आतड्यात खाद्य आलं की आतडं हलायला लागतं आणि त्या हालचालीने बलकही देठातून आतड्यात येऊन पचतो. म्हणजे खाणं चालू झालं की दोन्ही जमा एकदम सुरू होतात. बलक संपल्यावर त्या देठाची बारीकशी खूण मोठ्या कोंबडीच्या आतड्यावरही राहते.

आणि आतडं हाच पहिल्या आठवड्यातला खरा भांडवली खर्च. या दिवसांत लहान आतडं बाकीच्या शरीरापेक्षा जास्त वेगाने वाढतं. त्याच्या आतल्या बारीक बोटांसारख्या घड्या लांब होतात, अन्न शोषणारा पृष्ठभाग वाढतो. हे काम सुरू व्हायला आतड्यात अन्न असावं लागतं. म्हणून माझा नियम: पिल्लू कोरडं झालं, पायावर नीट उभं राहिलं, की ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबदार पेटीत. आधी निघालेल्याने मागच्याची वाट बघत इन्क्युबेटरमध्ये दिवसच्या दिवस बसायचं नाही. मात्र बाकीच्या अंड्यांना भोकं पडलेली असताना झाकण सारखं उघडायचंही नाही. आतली दमट हवा निघून गेली की अर्धवट फुटलेल्या अंड्यातला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. १२ तासांनी एकदा, कोरडी झालेली सगळी एकदम, झटकन काढायची.

ब्रूडर आधी, पिल्लं मागून

ब्रूडर निदान एक दिवस आधी तापवा. हवा तासाभरात तापते, जमीन तापत नाही. पिल्लू उभं असतं जमिनीवर, उघड्या पायांनी. वर ३४ अंश आणि खाली गार फरशी असेल, तर पायांतून उष्णता सतत निसटत राहते. रंधा मारताना पडतो तसला जाडसर लाकडी भुसा ५ सेंटिमीटर पसरा. पिल्लं सोडण्याआधी भुशात तळहात दाबून धरा. हाताला उबदार लागला पाहिजे. गार किंवा ओलसर लागला तर पिल्लं अजून सोडू नका. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नुसता अंथरू नका. त्यावर पाय घसरून फाकतात आणि फाकलेले पाय पुढे नीट व्हायला त्रास देतात.

पहिल्या आठवड्यात उबेखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस. पुढे दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करत २१ अंशांपर्यंत. थर्मामीटर टांगायचा पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, भुशापासून ५ सेंटिमीटर. कडेला, हाताला येईल तिथे लावलेला थर्मामीटर माणसाचं तापमान सांगतो, पिल्लाचं नाही. बल्ब किती वॅटचा घेऊ, असंही बरेच जण विचारतात. वॅटवरून काही कळत नाही. खोली किती गार, बल्ब किती उंच, पेटी किती मोठी, यावर सगळं ठरतं. बल्ब वापरणारच असाल तर तो साखळीने टांगा, वायरवर भार नको. कोरड्या भुशात पडलेला तापलेला बल्ब ही आग लागायची अगदी नेहमीची वाट आहे. पिल्लं खाली शिरतात ती गरम पाटी मला जास्त पसंत: कमी वीज, रात्री अंधार, आणि पिल्लू पाठ टेकवून ऊब घेतं.

आणि सगळीकडे सारखी ऊब ठेवू नका. एका टोकाला उबेचं ठिकाण, दुसऱ्या टोकाला मोकळी, गार जागा, मध्ये खाद्य आणि पाणी. खुडूक कोंबडीची पिल्लंही असंच करतात. पोटाखाली शिरायचं, ऊब घ्यायची, बाहेर येऊन टिपायचं, गार वाटलं की पुन्हा आत. पहिल्या दिवसांत आत जास्त, पुढे बाहेर जास्त. आपण ३४ चा आकडा घेऊन बसण्यापेक्षा निवडायची मुभा दिली की पिल्लू स्वतःच हिशेब जुळवतं.

पिल्लं काय सांगतात ते कान आणि डोळे देऊन बघा. उबेखाली एकमेकांवर चढून गोळा झाली आणि किरकिऱ्या, टिपेच्या आवाजात ओरडत असली तर थंडी वाजते आहे. उबेपासून लांब कडेला, पंख अंगापासून सोडलेले, चोच उघडी, धापा, आणि आवाज नाही: उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात दाटली आणि तो कोपरा उबेचा नाही, म्हणजे दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतोय. ती फट शोधा. पसरलेली, काही खातायत, काही झोपलीयत, मंद चिवचिव चालू आहे, तर हात लावू नका.

पाय तपासायची रीत सोपी आहे. पिल्लू उचला, त्याचे तळपाय स्वतःच्या गालाला लावा. गालाला उबदार लागले तर ठीक. गार लागले तर थर्मामीटर काहीही म्हणो, पिल्लू गारठलंय. तळहातावर हे नीट कळत नाही. काम करणाऱ्या माणसाचा हात निबर असतो.

गारठ्याचा खर्च किती

नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू अगदीच परावलंबी नसतं. त्याचं अंग ४० अंशांच्या आसपास असतं आणि गार पडायला लागलं की ते स्नायू थरथरवून उष्णता तयार करतं. माणसाच्या बाळाकडे उष्णता देणारी खास तपकिरी चरबी असते. पक्ष्यांकडे ती नाही, सगळी भिस्त स्नायूंवर. पण ही ताकद बेतास बात. गारठ्यात पिल्लू आपला खर्च दीडपट, फार तर दुप्पट करू शकतं. त्यापलीकडे जमत नाही आणि अंग गार पडायला लागतं. अंगावर पिसं नाहीत, नुसती लव आहे. ती ओली झाली की तेवढाही आडोसा गेला.

आता हे खाद्यात मोजू. अंड्यांच्या जातीच्या स्टार्टरमध्ये किलोला २,८०० किलोकॅलरी धरा, म्हणजे ग्रॅमला २.८. गारठ्याने दिवसाचा खर्च ५ वरून १० वर गेला तर जादा ५ किलोकॅलरी, म्हणजे पावणेदोन ग्रॅम खाद्य. आकडा चिमुकला दिसतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू सगळं मिळून ५-६ ग्रॅमच खातं. त्यातला तिसरा हिस्सा थरथरण्यात गेला. उलट्या बाजूने बघा: एक ग्रॅम वाढीत साधारण दीड ते दोन किलोकॅलरी साठतात, आणि साठवतानाही काही उष्णता होऊन उडतात. म्हणजे त्या ५ किलोकॅलरींत दोनेक ग्रॅम वाढ झाली असती. या वयात दिवसाची चांगली वाढ ४ ते ६ ग्रॅम. तिचा मोठा हिस्सा गारठ्याने खाल्ला.

हेही कमी म्हणून की काय, गारठलेलं पिल्लू खायलाच जात नाही. ते गोळ्यात घुसून बसतं. खर्च वाढला आणि जमा थांबली. याउलट फार उकाडा झाला तरी पिल्लू खात नाही, कारण पचनातूनही उष्णताच निघते. शिवाय धापांतून पाणी जातं. "थोडं जास्तच गरम असू दे, बरं असतं" हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

पहिलं पाणी, पहिला घास

पाणी आधी. ब्रूडर तापवताना पाण्याची भांडी आतच ठेवा, म्हणजे पाणी कोमट होतं. याचाही हिशेब आहे. आठवड्याच्या मध्याला पिल्लू दिवसाला १० ग्रॅम खाद्यामागे २० मिलिलिटर पाणी पितं. १० अंशांचं पाणी पोटात ४० अंशांवर न्यायला ६०० कॅलरी, म्हणजे ०.६ किलोकॅलरी लागतात. २५ अंशांचं असेल तर निम्म्याने कमी. हा खर्च फार नाही, कबूल. पण पहिल्या दिवशी गार पाण्याचे दोन घोट घेतलेलं पिल्लू अंग फुगवून उबेखाली पळताना दिसतं आणि खाणं तिथेच राहतं. तो तोटा ०.६ पेक्षा मोठा.

प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात टेकवा, नाकपुड्या बुडवू नका. एकदोघांना कळलं की बाकीची बघून शिकतात. मग खाद्य. पहिले दोन-तीन दिवस जाड, खरबरीत कागदाचा तुकडा उबेच्या कडेला अंथरून त्यावर बारीक खाद्य पसरते. पिल्लं त्यावर चालली की कागद वाजतो, टकटक होते, आणि ती टकटक ऐकून बाकीची धावतात. दाणा बारीक हवा, पण पीठ नको. पीठ चोचीला चिकटून कडक होतं.

खाल्लं की नाही हे भांडं बघून ठरवू नका. पिल्लं खातात त्याहून जास्त उडवतात. गळ्याच्या तळाशी, छातीच्या वर, उजवीकडे अन्न साठवायची थैली असते. दोन बोटांत हलकेच धरून बघा. भरलेली, मऊ, खिरीसारखी लागली तर पिल्लाने खाल्लंय आणि प्यायलंयही. भरलेली पण कडक, आत दाणे टोचतायत: खाल्लं, पाणी मिळालं नाही. नुसती पाण्याने डुचमळणारी: प्यायलं, खाद्य सापडलं नाही. रिकामी: दोन्ही नाही. सोडल्यावर दोन तासांनी दहातल्या सात-आठ पिल्लांची थैली भरलेली हवी, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जवळजवळ सगळ्यांची. २४ तासांनंतरही ज्यांची रिकामी आहे ती वेगळ्या छोट्या पेटीत घ्या, उबेच्या जवळ, खाद्य-पाणी अगदी चोचीसमोर.

प्रथिनांबद्दल थोडक्यात: अंड्यांच्या जातीला स्टार्टरमध्ये २० टक्क्यांच्या आसपास, ब्रॉयलरला, म्हणजे मांसासाठीच्या जातीला, २२-२३. ऊर्जा भरपूर आणि प्रथिनं कमी असं खाद्य दिलं की नुसती चरबी वाढते. भरडलेलं एकच धान्य देऊन पहिला आठवडा काढायचा बेत असेल तर सोडून द्या.

वजनाची वही

इथे मी जरा रमते, त्याला इलाज नाही.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा पुरतो, ०.१ ग्रॅमचा असेल तर उत्तम. वर खोलगट वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, पिल्लू वाटीत, वरून क्षणभर हात धरायचा. अंधार झाला की पिल्लू थबकतं, आकडा स्थिर होतो. रोज एकाच वेळी. मी सकाळी पहिलं खाद्य टाकण्याआधी करते. भरलेल्या थैलीत काही ग्रॅम सहज असतात. सकाळी रिकामी मोजली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरलेली, तर वही खोटं बोलणार.

पिल्लं ओळखायला पायात रंगीत कडी घाला, पण रोज फिरवून बघा. आठवड्यात नडगी जाड होते आणि काल सैल असलेली कडी आज रुतते. मोजकी पिल्लं असतील तर लवेवर खायच्या रंगाचा ठिपका दिला तरी चालतो.

अंड्यांच्या जातीच्या एका पिल्लाची ओळ समजा अशी आहे: ३९, ३८, ४०, ४५, ५१, ५८, ६५, ७२. पहिल्या दिवशी वजन घटलंय. घाबरायचं कारण नाही. बलक खर्च झाला, शीट पडली, अंगातलं पाणी गेलं, आणि खाणं अजून रुळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वजन पुन्हा जन्माच्या आकड्यापाशी यायला हवं. तिसऱ्या दिवसापासून रोज १० ते १४ टक्के वाढ. टक्के काढायचे ते कालच्या वजनावर: ४५ चे ५१ झाले, ६ भागिले ४५, म्हणजे १३ टक्के. नुसते ग्रॅम बघितले तर ५८ ते ६५ ची वाढ जास्त वाटते. टक्क्यांत ती १२ आहे. वेग हळूहळू मंदावतोच. तो एकदम कोसळला तरच बघायचं.

ब्रॉयलरचं पिल्लू या ओळीशी ताडून बघू नका. तीच सुरुवात ४२ ग्रॅमची, पण सातव्या दिवशी चौपट व्हायला हवं, म्हणजे १७० च्या आसपास. त्या जातीची निवडच पिढ्यान्‌पिढ्या वाढीसाठी झालीये.

खाद्यही मोजा. आठवड्याला दिलेलं वजा उरलेलं, भागिले वाढलेलं वजन. वरच्या पिल्लाने ७० ग्रॅम खाऊन ३३ ग्रॅम वाढ केली तर २.१. ब्रॉयलरमध्ये पहिल्या आठवड्यात हा आकडा १ च्या जवळपास येतो. एक ग्रॅम खाद्याचं एक ग्रॅम पिल्लू कसं होईल, असं वाटतं. खाद्यात पाणी दहा-बारा टक्के असतं, आणि नव्याने तयार होणाऱ्या पिल्लाच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या पुढे. वाढलेल्या ग्रॅममधलं बरंचसं पाणीच आहे, आणि ते पाण्याच्या भांड्यातून आलंय. शिवाय सुरुवातीचं काही बलकाने भरलेलं असतं.

आता आकड्यांवरून निदान. सगळ्यांचीच वाढ कमी आणि खाद्य बऱ्यापैकी खाल्लेलं: बहुतेक वेळा ऊब कमी, विशेषतः पहाटे. रात्री बघा, दुपारी बघून उपयोग नाही. सगळ्यांची वाढ कमी आणि खाद्यही कमी: उकाडा, पाण्याची अडचण किंवा भांडी अपुरी. काही भरभर वाढतायत आणि काही जागच्या जागी: धक्काबुक्की, जागा कमी. सरासरीच्या दहा टक्के वर-खाली या पट्ट्यात ऐंशी टक्के पिल्लं बसली तर कळप एकसारखा म्हणायचा. एकच पिल्लू सलग दोन दिवस घटतंय आणि पोट मात्र टम्म, बेंबी ओली, वास येतो: बलकात जंतू शिरले आहेत. ते लगेच वेगळं काढा आणि पशुवैद्याला दाखवा. अशी पिल्लं बहुधा वाचत नाहीत, तसंच ठेवलं तर बाकीच्यांनाही धोका. हे टाळायची जागा अंडी ठेवतानाची आहे: घाण अंडी उबवायची नाहीत आणि दोन उबवण्यांच्या मध्ये इन्क्युबेटर धुऊन निर्जंतुक करायचा.

वजन करताना पिल्लू हातात असतंच, तेव्हा मागची बाजूही बघून घ्या. शीट लवेला चिकटून वाळली असेल तर वाट बंद होते आणि पिल्लू दोन दिवसांत जाऊ शकतं. कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ कापड टेकवून सैल करा, ओढू नका, मग पूर्ण कोरडं करूनच परत सोडा. आणि बेंबीची खपली म्हणजे शीट नव्हे. ती पोटाच्या बाजूला, जरा पुढे असते. ती उपटणारे महाभाग आहेत.

बदक, लाव्ही, आणि घरट्यातली पिल्लं

बदकाचं पिल्लू अंगाने मोठं, लव दाट. सुरुवात ३० ते ३२ अंशांवर केली तरी चालते. त्याला नायसिन (ब३ जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. कोंबडीचंच स्टार्टर देत असाल तर त्याची भर घाला, नाहीतर पाय वाकतात. आणि पाण्यात सोडायची घाई नको. आईच्या अंगाखाली वाढणाऱ्या पिल्लाच्या लवेला तिच्या पिसांचं तेल लागतं. इन्क्युबेटरमधल्या पिल्लाची लव भिजते आणि अंग गार पडतं.

जपानी लाव्हीचं पिल्लू जेमतेम ७-८ ग्रॅमचं. शरीरक्रिया अभ्यासणारे शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये मांडलं की प्राण्याचा विश्रांतीतला खर्च वजनाच्या पाऊण घाताने वाढतो. वजन दुप्पट झालं तरी खर्च होतो साधारण १.७ पट. म्हणजे जीव जितका लहान, तितका ग्रॅममागे खर्च जास्त. हा नियम पूर्ण वाढलेल्या प्राण्यांवरून बांधलेला आहे, नवजात पिल्लाला तंतोतंत लागू करू नये. पण लाव्ही पाळणाऱ्याला त्याची दिशा रोज दिसते. इथे सुरुवात ३७ अंशांच्या आसपास, प्रथिनं २४ टक्के, आणि रात्रभर उपास चालत नाही. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका. उथळ पाण्यातसुद्धा ती बुडतात, आणि बुडाली नाहीत तरी भिजून गारठतात.

कबूतर, चिमणी, पोपट यांचं सगळं शास्त्रच निराळं. यांची पिल्लं उघडी, डोळे मिटलेले, उभंही राहता न येणारी. सुरुवातीला ती स्वतःचं अंग गरम ठेवतच नाहीत, भोवतालच्या तापमानाबरोबर त्यांचं अंग वर-खाली होतं. आई-बाप अंगाखाली घेतात. उष्णतेचा आणि धावाधावीचा खर्च दुसऱ्याच्या नावावर, म्हणून आलेलं जवळपास सगळं वाढीला. पक्षीशास्त्रज्ञ रॉबर्ट रिकलेफ्स यांनी १९६८ मध्ये वेगवेगळ्या पक्ष्यांच्या वाढीच्या नोंदी एकत्र तपासल्या. पुढे त्यांनी हा व्यवहार नीट मांडला: जो स्नायू आधीच कामाला जुंपलाय तो वेगाने वाढू शकत नाही. कोंबडीचं पिल्लू पहिल्या दिवशी पळतं आणि मोठं व्हायला महिने घेतं. कबुतराचं पिल्लू मान उचलता येत नाही अशा अवस्थेत जन्मतं आणि चार आठवड्यांत जवळपास मोठ्या कबुतराएवढं होतं. त्याला पहिले दिवस आई-बाप दोघेही गळ्यातल्या थैलीत तयार होणारं दूध भरवतात. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर, पिष्टमय काही जवळजवळ नाहीच.

म्हणून असं पिल्लू घरट्यातून पडलेलं सापडलं तर कोंबडीच्या पिल्लाचा कुठलाच नियम लावू नका. धडधाकट असेल तर हातात घेऊन गरम करा आणि घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. घरटंच सापडत नसेल तर झाकलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, खाली एका बाजूला कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून, आणि वन्यपक्षी सांभाळणाऱ्या जाणकारांना गाठा. दरम्यान चोच उघडून पाणी ओतू नका. ते सरळ श्वासनलिकेत जातं. गार पिल्लाला भरवू नका. अंग गार असताना पचन थांबलेलं असतं आणि अन्न थैलीत पडून आंबतं. पाळीव पोपटाचं पिल्लू हाताने वाढवत असाल तर भरवायच्या पेजेत थर्मामीटर घाला: ३९ ते ४१ अंश. ४३ च्या वर थैली आतून भाजते, आणि ३८ च्या खाली पुष्कळ पिल्लं घास घेतच नाहीत. प्रत्येक घासाआधी ढवळून पुन्हा मोजा, कारण वाटीच्या मध्यभागी पेज कडेपेक्षा जास्त गरम राहते.